उणे ४० अंशांत उष्ण रक्ताचा देह कसा टिकतो? आर्क्टिकमधील प्राण्यांविषयी एक प्रश्न

शोधयात्री
(प्रश्न)

नमस्कार. शालेय मुलांच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी मी आर्क्टिकमधील प्राण्यांवर एक लेख तयार करत आहे. सहज हाती लागणाऱ्या माहितीचा सूर बहुधा एकच असतो: या प्राण्यांच्या अंगावर दाट केस असतात, कातडीखाली चरबी असते, म्हणून ते थंडीत जगतात. हे खोटे नाही, परंतु एवढ्यावर माझे समाधान होत नाही, कारण साधा हिशेब मांडला तरी शंका उभ्या राहतात.

लांडग्याच्या किंवा रेनडिअरच्या शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर उणे ४० अंश असतील, तर आत आणि बाहेर जवळजवळ ८० अंशांचे अंतर पडते, आणि हे अंतर काही तासांपुरते नसून आठवडेच्या आठवडे टिकते. पाठीवरचे केस कितीही दाट असले, तरी पायाचे तळवे थेट बर्फावर टेकतात आणि नाकातून दर श्वासाला तीच गोठवणारी हवा आत जाते. मग हे अवयव गोठत कसे नाहीत? शरीर अधिक इंधन जाळून ऊब टिकवत असेल, तर सूर्य उगवतच नाही अशा काळात, गवत हिमाखाली गाडलेले असताना, हे इंधन येते कुठून? लेमिंग या उंदरासारख्या, जेमतेम मुठीएवढ्या प्राण्याला जाड लोकर पेलणे शक्य नाही, त्याचे काय? आणि शेवटची शंका माशांची आहे. समुद्राचे पाणी शून्याच्या खाली गेलेले असते आणि माशाच्या अंगात स्वतःची ऊब जवळजवळ नसते, तरीही त्याचे रक्त द्रवरूपच कसे राहते?

मुलांना चकित करणारी वाक्ये पुष्कळ सापडतात, परंतु त्यांतील कोणती खरी आहेत हे समजून घेतल्याशिवाय ती छापावीत असे मला वाटत नाही. जाणकारांनी कारणांसह समजावून सांगितल्यास मी ऋणी राहीन.

वन्यविद्या
(उत्तर)

आपला हिशेब योग्य आहे, आणि या विषयाचा पद्धतशीर अभ्यासही अशाच हिशेबापासून सुरू झाला. घर ऊबदार ठेवायचे तर दोनच मार्ग असतात: चुलीत अधिक सरपण घालणे किंवा भिंतींतल्या फटी बुजवणे. आर्क्टिकमधील प्राणी यांपैकी कोणता मार्ग धरतात, हे पाहण्यासाठी पेर शोलांडर, लॉरेन्स अर्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्काच्या उत्तर टोकाला, पॉइंट बॅरो येथे मोजमापे केली आणि १९५० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुलनेसाठी त्यांनी पनामातील उष्ण कटिबंधीय प्राणी निवडले होते. दोन्हीकडच्या सस्तन प्राण्यांच्या शरीराचे तापमान जवळपास सारखेच निघाले, आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर ज्या वेगाने इंधन जाळते, तो वेगही आकारमान लक्षात घेता फारसा वेगळा नव्हता. फरक होता तो उष्णता रोखून धरण्याच्या क्षमतेत.

प्रत्येक प्राण्यासाठी हवेचे एक विशिष्ट तापमान असते, ज्याच्या खाली गेल्यावर केवळ ऊब टिकवण्यासाठी शरीराला जादा इंधन जाळावे लागते. पनामातील बऱ्याच प्राण्यांसाठी ही मर्यादा २० ते ३० अंशांच्या दरम्यान होती, म्हणजे किंचित गारवा आला तरी त्यांचा खर्च वाढू लागे. आर्क्टिक कोल्ह्याच्या बाबतीत शोलांडर यांनी ही मर्यादा उणे ४० अंशांच्या आसपास असल्याचा अंदाज मांडला. पुढील काळातील मोजमापांत ती इतकी खाली आढळलेली नाही; म्हणून 'आर्क्टिक कोल्हा उणे ७० अंशांपर्यंत कुडकुडत नाही' हे सर्वत्र उद्धृत होणारे वाक्य आपण लेखात घेऊ नये, असे मी सुचवेन. थंडीशी जुळवून घेण्याचे मुख्य साधन चूल नसून भिंत आहे, हा मूळ निष्कर्ष मात्र आजही टिकून आहे.

ही भिंत बांधलेली असते ती हवेची. केस स्वतः फारशी ऊब धरत नाहीत. ते हवेला जागच्या जागी अडवून ठेवतात आणि स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. म्हणून अशा प्राण्यांच्या अंगावर बहुधा दोन थर असतात. बाहेरचे लांब, राठ केस वारा आणि हिम अंगावरून सरकवून देतात, तर आतली बारीक, दाट लोकर हवा पकडून ठेवते. मस्क-ऑक्स या गुरासारख्या केसाळ प्राण्याचे बाहेरचे केस पोटाखाली इतके लोंबतात की प्राणी झालर पांघरून उभा असल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या आतील लोकर जगातील सर्वांत ऊबदार नैसर्गिक धाग्यांमध्ये गणली जाते. रेनडिअरचे केस तर आतूनही हवेच्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांनी भरलेले असतात. त्यामुळे त्याच्या अंगावर केसांमधली हवा आणि केसांच्या आतली हवा असे दुहेरी आवरण तयार होते.

आता पायांकडे वळू, कारण मला हा भाग संपूर्ण विषयात सर्वांत सुंदर वाटतो. पाय ऊबदार ठेवण्याचा प्रयत्न हे प्राणी मुळात करतच नाहीत. पायात उतरणारी उष्ण रक्ताची धमनी आणि पायातून वर येणारी थंड रक्ताची शीर एकमेकींना अगदी चिकटून धावतात. वरून येणारे रक्त आपली उष्णता शेजारून वर चाललेल्या थंड रक्ताला देऊन टाकते, त्यामुळे तळव्याशी पोहोचेपर्यंत ते स्वतः थंड झालेले असते आणि हृदयाकडे परतणारे रक्त वाटेतच ऊबदार होते. उष्णता तळव्यापर्यंत जाऊन बर्फात वाया जाण्याऐवजी अर्ध्या वाटेवरूनच माघारी वळते. रेनडिअर, लांडगा, आर्क्टिक कोल्हा, एवढेच नव्हे तर बर्फावर उघड्या पायांनी उभा राहणारा कुरव पक्षी, या सर्वांमध्ये ही रचना आढळते.

पण पाय थंड होऊ देण्यालाही मर्यादा असते, कारण पेशींतील पाणी गोठले तर पेशी फाटतात. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांडगा आणि आर्क्टिक कोल्हा यांचे पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात ठेवून तळव्यांचे तापमान मोजण्यात आले. ते घसरत उणे १ अंशाच्या आसपास आले आणि तिथेच थांबले. ऊतींचा गोठणबिंदू याच्या अगदी किंचित खाली असतो. शरीर तळव्याकडे नेमके तेवढेच रक्त सोडत होते जेवढ्याने तळवा गोठणार नाही, त्याहून जराही अधिक नाही. अशा थंड पायांत हालचाल शक्य राहावी म्हणून आणखी एक सोय आहे. रेनडिअरच्या पायाच्या खालच्या हाडांतील मज्जेची चरबी वरच्या हाडांतील चरबीपेक्षा कितीतरी कमी तापमानाला घट्ट होते. म्हणजे एकाच प्राण्याच्या एकाच पायात, जागेनुसार, वेगवेगळ्या प्रकारची चरबी असते.

नाकातही हेच तत्त्व वेगळ्या रूपात काम करते. रेनडिअरच्या नाकात आतल्या बाजूला गुंडाळ्यांसारख्या पातळ हाडांवर ओलसर त्वचा पसरलेली असते, आणि तिच्यावरून जाताना थंड हवा तापते. आत येणाऱ्या हवेने ही त्वचा थंड झालेली असल्यामुळे बाहेर पडणारा श्वास तिच्यावरून जाताना आपली उष्णता आणि बरीचशी वाफ तिथेच सोडून जातो. पाणी वाचणे हेही ऊब वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण हिवाळ्यात पाण्याची तहान हिम खाऊन भागवावी लागते आणि शून्य अंशावरचे एक किलो हिम केवळ वितळवायलाच शरीराला सुमारे ८० किलोकॅलरी मोजाव्या लागतात. ते पुढे शरीराच्या तापमानापर्यंत आणण्याचा खर्च वेगळाच.

आपण इंधनाविषयी विचारले आहे. हिवाळ्यात हे प्राणी अधिक खातात असा समज असेल, तर वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. रेनडिअरची भूक हिवाळ्यात मंदावते, आणि बंदिस्त जागेत भरपूर चारा समोर ठेवला तरी ती मंदावलेलीच राहते. हालचाल कमी होते, वाढ थांबते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरवून वापरली जाते. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवरचा टार्मिगन पक्षी शरद ऋतूत इतकी चरबी साठवतो की त्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चरबीचाच असतो. ही चरबी पक्ष्याला ऊब देणारे पांघरूण म्हणून नव्हे, तर मुख्यतः वादळाच्या दिवसांत पुरणारा शिधा म्हणून साठवलेली असते. मस्क-ऑक्सचे कळप हिवाळ्यात शक्य तितके एकाच परिसरात, सावकाश वावरतात. आर्क्टिक कोल्हा उन्हाळ्यात पक्ष्यांची अंडी आणि लेमिंग जमिनीत पुरून ठेवतो.

आपल्या लेखासाठी माझी विनंती एवढीच आहे की थंडीला शत्रू आणि केसांना चिलखत ठरवून विषय संपवू नये. कोरडी थंडी यांतील बहुतेक प्राणी सहन करतात. खरा प्रश्न शिलकीचा असतो, म्हणजे साठवलेले इंधन वसंतापर्यंत पुरते की नाही.

हिमरेषा
(उत्तर)

वन्यविद्या यांनी मोठ्या प्राण्यांचे फार नेमके विवेचन केले आहे. लहान प्राण्यांचा भाग मी पुढे नेते, कारण त्यांच्यासाठी भिंतीचा मार्ग जवळजवळ बंद असतो. शोलांडर यांच्याच मोजमापांत दिसले होते की लेमिंग आणि विझल (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) यांसारख्या प्राण्यांची लोकर उष्ण कटिबंधातील प्राण्यांच्या लोकरीपेक्षा फारशी सरस नसते. पाय आखूड असलेल्या लहान देहावर लांब केस वाढले तर चालणेच अशक्य होईल. शिवाय देह जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ऊबही लवकर निसटते.

लेमिंग यावर जो मार्ग काढतो तो असा, की तो आपल्या वर्णनातल्या उणे ४० अंशांच्या हिवाळ्यात राहतच नाही. तो हिमाखाली राहतो. ताज्या हिमात हवा अडकलेली असल्याने ते स्वतः उत्तम उष्णतारोधक असते. हिमाचा थर पुरेसा जाड असला, तर वर कितीही कडाका असो, जमिनीलगतचे तापमान त्याहून कितीतरी सौम्य राहते आणि दिवसागणिक फारसे हलत नाही. जमिनीतून वर येणाऱ्या उबेमुळे तळाच्या हिमाची वाफ होते, ती वरच्या थरात पुन्हा गोठते, आणि तळाशी भुसभुशीत, मोठ्या स्फटिकांचा एक पोकळ थर तयार होतो. या थरात लेमिंग बोगदे खोदतात, गवताची गोल घरटी बांधतात, शेवाळ आणि गवताची खोडे खातात, आणि भर हिवाळ्यात पिल्लेही घालतात. कॉलर्ड लेमिंग या जातीच्या पुढच्या पायांची दोन नखे हिवाळ्यात खोदकामासाठी रुंद आणि जाड होतात व उन्हाळ्यात पुन्हा लहान होतात. हिवाळ्यात पांढरा होणारा उंदीरवर्गातील प्राणी म्हणूनही याच गटाची ओळख आहे.

त्यामुळे लेमिंगच्या दृष्टीने वाईट हिवाळा म्हणजे कडक थंडीचा हिवाळा नव्हे. हिम उशिरा पडणारा, पातळ पडणारा किंवा मध्येच वितळून पुन्हा गोठणारा हिवाळा वाईट. टार्मिगनसुद्धा रात्र काढण्यासाठी हिमात स्वतःला पुरून घेतो, आणि त्याच्या पायांच्या बोटांपर्यंत पिसे असतात.

अलास्का, कॅनडा आणि सायबेरियाच्या टुंड्रात बिळे करून राहणारी आर्क्टिक खार तिसऱ्याच वाटेने जाते, आणि तिच्याविषयीची माहिती आश्चर्यकारक असूनही खरी आहे, म्हणून ती आपण निःशंकपणे छापावी. ही खार वर्षातील सात-आठ महिने शीतनिद्रेत असते. खाली जमीन कायमची गोठलेली असल्यामुळे तिला बीळ खोलवर नेता येत नाही, आणि म्हणून बिळाभोवतीची माती हिवाळ्यात शून्याच्या बरीच खाली जाते. ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की शीतनिद्रेत या खारीच्या शरीराच्या आतील तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरते. एखाद्या सस्तन प्राण्याच्या शरीराचे तापमान शून्याखाली जाऊनही तो जिवंत राहतो, हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते. तिच्या रक्तात गोठण्याला रोखणारा विशेष पदार्थ आढळला नाही. बर्फाचा स्फटिक बनायला सुरुवात होण्यासाठी काहीतरी निमित्त लागते, आणि ते न मिळाल्यास पाणी गोठणबिंदूच्या खालीही द्रव राहू शकते. खारीच्या देहातील द्रव याच अवस्थेत असतात. डोके आणि मान यांचे तापमान मात्र शून्याच्या वर राहते.

दर दोन-तीन आठवड्यांनी ती अंगातील तपकिरी चरबी, म्हणजे ऊब निर्माण करण्यासाठीच असलेली खास चरबी, जाळून स्वतःला पुन्हा ३६-३७ अंशांपर्यंत तापवते, एक दिवसाहून कमी काळ त्या अवस्थेत राहते, आणि पुन्हा थंड होत जाते. साठ्यातील फार मोठा भाग या मोजक्या जागरणांवरच खर्च होतो. ती का जागी होते यावर अजून एकमत नाही, तरी मेंदूची डागडुजी हे त्यामागचे एक कारण असावे असे अनेक संशोधक मानतात.

एका किड्याचा उल्लेख केल्याशिवाय मला थांबवत नाही. कॅनडाचे एल्समियर बेट आणि ग्रीनलंड येथे आढळणाऱ्या एका केसाळ पतंगाची अळी दर हिवाळ्यात खरोखरच गोठते. ती अंगात ग्लिसरॉल साठवते, त्यामुळे बर्फ पेशींच्या बाहेरच्या जागेत तयार होतो आणि पेशी शाबूत राहतात. उन्हाळ्यातले काही आठवडेच तिला खायला मिळतात, म्हणून तिचे आयुष्य सुमारे सात वर्षे लांबते. अभ्यासकांना असेही दिसले की या अळ्या थंडीने मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांच्यावर अंडी घालणाऱ्या परजीवी माश्यांमुळे मरतात. वन्यविद्या यांनी शेवटी मांडलेल्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

खोलपाणी
(उत्तर)

समुद्राचा भाग वेगळा मांडायला हवा, कारण तिथले नियम वेगळे आहेत. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. तापमान उणे १.९ अंशांच्या खाली जात नाही, कारण तिथे समुद्राचे पाणीच गोठू लागते. पण त्या पाण्यातील एक तास हवेतील कितीतरी कडक थंडीपेक्षा अधिक उष्णता हिरावून घेतो. आणि भिजलेल्या केसांत हवा उरत नसल्यामुळे जमिनीवरची भिंत इथे कोसळते.

म्हणून देवमासे, सील आणि वॉलरस यांनी भिंत कातडीच्या आत बांधली आहे. बोहेड देवमाशाच्या चरबीचा थर ३० सेंटीमीटरहून अधिक जाड असतो, काही ठिकाणी तो अर्ध्या मीटरच्या जवळ जातो. त्याच्या, तसेच नारव्हाल आणि बेलुगा या देवमाशांच्या पाठीवर पर नसतो, जो बर्फाखाली वावरताना अडचणीचा ठरला असता आणि ऊबही गमावून बसला असता. चरबीच्या बाहेर असलेली कातडी मात्र जवळजवळ पाण्याइतकीच थंड असते. वॉलरस थंड पाण्यातून बाहेर येतो तेव्हा फिकट, पांढुरका दिसतो, आणि उन्हात पडल्यावर गुलाबी होतो. कारण पाण्यात त्याने कातडीकडचा रक्तपुरवठा आवळून धरलेला असतो आणि उन्हात तो मोकळा सोडलेला असतो. पर, शेपटी आणि वल्ह्यांसारखे पाय यांत वर वर्णन केलेली धमनी-शिरांची जोडरचना असतेच. चुकची आणि बेरिंग समुद्रांत चरायला येणाऱ्या ग्रे देवमाशाच्या जिभेतसुद्धा ती आढळली आहे, कारण तोंड उघडे ठेवून थंड पाणी गाळत असताना उष्णता गमावण्याची सर्वांत मोठी जागा ती जीभच असते.

जन्मलेल्या पिल्लांकडे मात्र ही चरबी नसते. हार्प सीलचे पिल्लू उघड्या बर्फावर, ओल्या अंगाने जन्मते. पांढरी लव वाळेपर्यंत ते कुडकुडते आणि तपकिरी चरबी जाळते. पुढचे सुमारे १२ दिवस आई त्याला अतिशय स्निग्ध दूध पाजते आणि मग सोडून जाते. हूडेड सीलने हा काळ सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी, म्हणजे अवघ्या चार दिवसांवर आणला आहे. तिच्या दुधात सुमारे ६० टक्के स्निग्धांश असतो आणि एवढ्या वेळात पिल्लाचे वजन जवळजवळ दुप्पट होते. वाहत्या, तुटत्या बर्फावर अधिक काळ थांबण्याची सोय नसते. रिंग्ड सील मात्र समुद्रावरच्या बर्फावर साचलेल्या हिमात गुहा कोरते आणि पिल्लाला तिथे ठेवते.

आता मासे. माशाचे रक्त शून्याखाली साधारण १ अंशाच्या आतच गोठायला हवे, आणि पाणी तर उणे १.९ अंशांवर असते. १९५० च्या दशकात शोलांडर यांनीच कॅनडातील लाब्राडोरच्या हेब्रॉन फियॉर्डमध्ये पाहिले की खोल पाण्यातील मासे गोठणबिंदूच्या खाली असूनही द्रवावस्थेत जगत होते, हिमरेषा यांनी खारीबाबत सांगितले तसेच. परंतु त्यांना बर्फाचा तुकडा लागताच ते तत्काळ गोठून मेले. तळाशी बर्फ पोहोचत नाही, म्हणूनच ते जगत होते. पृष्ठभागालगत, बर्फाच्या सान्निध्यात राहणाऱ्या पोलर कॉड माशाला हा धोका पत्करता येत नाही. त्याच्या रक्तात विशेष प्रकारची प्रथिने असतात, जी बर्फाचा सूक्ष्म स्फटिक तयार होताच त्याला चिकटतात आणि त्याची वाढ तिथेच रोखतात.

अशी प्रथिने १९६० च्या दशकात आर्थर डीव्हरीस यांना सर्वप्रथम अंटार्क्टिकातील माशांमध्ये आढळली होती. १९९७ मध्ये सिद्ध झाले की उत्तरेतील कॉड आणि दक्षिणेतील मासे यांची ही प्रथिने जवळजवळ सारखी असली, तरी ती अगदी वेगळ्या जनुकांपासून, एकमेकांशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे घडली आहेत. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच अडचणीवर एकच तोडगा दोनदा निघाला, हे मुलांना अवश्य सांगावे. आणि दोन टोकांचा विषय निघालाच आहे तर, भित्तिपत्रकावर ध्रुवीय अस्वलाशेजारी पेंग्विन काढला जाणार नाही याकडे लक्ष असू द्यावे. आर्क्टिकमध्ये पेंग्विन नाहीत.

शोधयात्री

तिघांचेही मनःपूर्वक आभार. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मिळाले. दोनच गोष्टी विचारतो. ध्रुवीय अस्वलाचे केस पोकळ आणि पारदर्शक असून ते प्रकाशतंतूंप्रमाणे सूर्याची अतिनील किरणे काळ्या कातडीपर्यंत पोहोचवतात, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. ते घ्यावे का? दुसरे असे, की आर्क्टिक तापत असल्याचे आपण ऐकतो. हिवाळे सौम्य झाले तर या प्राण्यांचे जगणे सोपे व्हायला हवे, असा प्रश्न मुले नक्की विचारतील. त्यांना काय सांगावे?

वन्यविद्या
(उत्तर)

प्रकाशतंतूंची गोष्ट कृपया घेऊ नये. अतिनील प्रकाशात काढलेल्या छायाचित्रांत ध्रुवीय अस्वल काळे दिसते, म्हणजे ती किरणे परावर्तित होत नाहीत, हे १९७० च्या दशकात लक्षात आले होते. त्यावरून केस ती किरणे कातडीपर्यंत नेत असतील अशी कल्पना १९८० च्या सुमारास मांडली गेली. १९९८ मध्ये डॅनियल कून यांनी प्रत्यक्ष केस घेऊन मोजमाप केले, तेव्हा केसांतून प्रकाश लांबवर जातच नाही आणि अतिनील किरणे तर केसातील केराटिन हे प्रथिन शोषून घेते, असे आढळले. शिवाय जेव्हा उबेची सर्वाधिक गरज असते, तेव्हा सूर्य क्षितिजाखाली असतो. केस पारदर्शक आहेत, त्यांच्या गाभ्यात पोकळी आहे आणि कातडी काळी आहे, एवढे खरे आहे.

त्याऐवजी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन घ्यावे. बर्गन विद्यापीठ आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांचा त्यात सहभाग होता. अस्वल पाण्यात शिरते, उणे तापमानात बाहेर येते, तरी त्याच्या केसांवर बर्फाचे गोळे चिकटून राहत नाहीत. केस धुऊन त्यांवरचे नैसर्गिक तेल काढल्यावर बर्फ त्यांना घट्ट चिकटू लागला. या तेलात स्क्वालीन हा पदार्थ जवळजवळ नसतो, जो माणसाच्या त्वचेच्या तेलात विपुल असतो आणि बर्फाला धरून ठेवतो. अस्वलाची एकूण व्यवस्था इतकी पक्की आहे की वेगाने चालल्यास त्याला थंडीपेक्षा अंग तापण्याचाच त्रास अधिक होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण वरच्या तिन्ही उत्तरांत येऊन गेले आहे. ही सगळी व्यवस्था कोरड्या थंडीसाठी आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, आणि त्यामुळे जिथे पूर्वी हिवाळ्यात केवळ हिम पडत असे तिथे आता अधूनमधून पाऊस पडतो. हा पाऊस हिमात मुरतो, गोठतो आणि जमिनीवर बर्फाचे कठीण कवच तयार होते. रेनडिअर खुरांनी हिम उकरून दगडफुलापर्यंत पोहोचू शकतो, बर्फाचे कवच फोडू शकत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडातील बँक्स बेटावर असा पाऊस झाला आणि सुमारे २०,००० मस्क-ऑक्स उपासमारीने मेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर असेच घडले आणि ६१,००० रेनडिअर दगावले. तिथल्या नेनेत्स पशुपालकांपैकी काही कुटुंबांचे कळपच संपले, आणि नवे कळप उभे करेपर्यंत त्यांना मासेमारीवर दिवस काढावे लागले. या प्राण्यांची लोकर शेवटपर्यंत शाबूत होती.

हिमरेषा

यात भर एवढीच, की हे कवच बोगद्यांतल्या लेमिंगलाही अन्नापासून तोडते, आणि वसंताआधीच पडणारा पाऊस रिंग्ड सीलच्या गुहेचे छत पाडून पिल्लाला अस्वल आणि कुरव पक्ष्यांसमोर उघडे टाकतो. काही प्राणी वाट काढतात. स्वालबार्डमधील रेनडिअर जमीन बर्फाने बंद झालेल्या हिवाळ्यांत किनाऱ्यावर उतरून समुद्रशैवाल खातात, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. परंतु शैवाल त्यांना पूरक म्हणूनच उपयोगी पडते. केवळ त्यावर त्यांचे भागत नाही, आणि जिथे थोडीफार जमीन उघडी असेल तिथे ते चरायला परत जातात.